रेघोबाची रोजची गोळी

माझ्या बायकोचा धाकटा भाऊ पट्टी न धरता सरळ रेघ मारतो. हे वाक्य मी आजवर इतक्या लोकांना ऐकवलंय की आमची मंडळी म्हणते, तुमच्या जिभेला आता त्याची घडी पडली असेल. पडू दे. ज्याने त्याला रेघ मारताना पाहिलं नाही त्याच्यासाठी पुन्हा सांगतो. शिडीवर उभा राहतो. ब्रश रंगात बुडवून डब्याच्या काठावर निथळतो. श्वास आत घेतो आणि तिथेच अडवतो. मग त्याचा खांदा हलतो. मनगट नाही, बोटं नाहीत, नुसता खांदा. आणि भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत रेघ अशी निघते की जणू ती तिथे आधीपासून होती आणि यानं फक्त वरची धूळ पुसली.

धंदा दुकानांच्या पाट्या रंगवण्याचा. सगळे त्याला रेघोबा म्हणतात. आईबापांनी ठेवलेलं नाव कुणी पुकारलं तर तो स्वतःच मागे वळून बघतो, कोणाला बोलावताहेत म्हणून.

आमच्या गावच्या शाळेत एक मास्तर होते. फळ्यावर खडूने एका झटक्यात पूर्ण गोल काढायचे आणि मग उरलेला तास त्या गोलाकडे बघत उभे राहायचे. आमचं गणित कच्चं राहिलं ते त्या गोलापायी. पण हातातली कला म्हणजे काय हे मला तिथे कळलं, आणि म्हणूनच मुलगी बघायला गेलो तेव्हा मुलीपेक्षा तिच्या भावाने दारावर रंगवलेल्या आकड्याकडेच मी जास्त वेळ बघत होतो. आमची मंडळी ते अजून विसरलेली नाही.

तर या रेघोबाच्या अंगावर एका सकाळी पित्त उठलं. दाढी करताना मानेवर डास चावल्यासारखी एक गांधी दिसली. तोंड पुसेपर्यंत तिला शेजार मिळाला. चहा होईपर्यंत पोटावर, पाठीवर, मांड्यांवर वसाहत झाली. लाल, फुगीर, कडेने नकाशातल्या देशांसारखी वेडीवाकडी. आणि खाज अशी की हा दाराच्या चौकटीला पाठ घासत उभा. दुपारी बघावं तर सगळं साफ, मागे डाग नाही, खूण नाही. संध्याकाळी नव्या जागी नवी वस्ती. रेघोबा याला 'फौज' म्हणायचा. फौज आली, फौज गेली.

आठवडाभरात जाईल असं सगळ्यांना वाटलं. महिने गेले, फौज मुक्कामाला राहिली.

यात एक गंमतही होती, आणि गंमत दिसली की आमच्या रेघोबाला राहवत नाही. त्याच्या कातडीवर नखाने ओरखडा काढला की थोड्या वेळाने तिथे तशीच लाल रेघ फुगून वर यायची. झालं. गिऱ्हाईक आलं की हा बाही वर करायचा, नखाने हातावर अक्षर काढायचा, गप्पा मारत थांबायचा आणि अक्षर उठलं की पुढे करायचा. "हे वळण चालेल का? की जरा जाड पाहिजे?"

त्याची बायको कपाळाला हात लावून म्हणायची, "लोक कागद वाया घालवतात. आमच्याकडे माणूसच वाया घालवतात."

आता पित्त म्हटल्यावर प्रत्येकाला त्यातलं कळतंच. आमच्या मंडळीने वांग्यावर संशय घेतला. रेघोबाने वांगी सोडली. वहिनींनी, म्हणजे त्याच्या बायकोने, अंड्यांचं नाव घेतलं. अंडी गेली. सलूनवाल्याने शेंगदाणे सांगितले, शेजारणीने टोमॅटो, मी साबण. मी साबण सांगितला कारण खाण्यातलं काही शिल्लकच राहिलं नव्हतं. शेवटी त्याच्या ताटात भात, मीठ आणि दुधी भोपळा एवढंच उरलं, आणि फौज मात्र भरल्या पोटाने यावी तशी येतच राहिली.

"आता फक्त हवा सोडायची राहिलीय," वहिनी म्हणाल्या.

"ती पण सोडतो रंगवताना," रेघोबा म्हणाला.

हसून बोलला खरा, पण त्याच्या मनात एक वेगळंच नाव होतं, आणि ते त्याने कुणाला सांगितलं नव्हतं. रंग.

त्याला कारण त्याचा उस्ताद. ज्यांच्याकडे तो डबे धुण्यापासून शिकला, त्या उस्तादांचे हात उतारवयात रंगाने आणि टर्पेंटाइनने सोलून निघाले. कुठल्याशा डॉक्टरने सांगितलं, ब्रश सोडा. त्यांनी सोडला. हात बरे झाले. माणूस मात्र चौकातल्या आपल्या घराच्या खिडकीत बसला तो बसलाच. समोरच्या पाट्यांतल्या चुका शोधत बसतो आणि जाणाऱ्या येणाऱ्याला ऐकवतो. रेघोबाला ती खिडकी दिसली की तो मान फिरवायचा. आपल्यालाही रंगच बाधत असेल तर आपली खिडकी कुठली, हा त्याचा खरा आजार होता. पित्त त्याच्या वरचं.

आणि नेमकं तेव्हाच चौकातल्या मनोऱ्यावरच्या घड्याळाचं काम आलं. तबकडीवरचा रंग उडून गेला होता. सात आहे की एक, हे लोक अंदाजाने ठरवायचे आणि गाड्या चुकवायचे. ती तबकडी कधीकाळी उस्तादांनी रंगवली होती. पालिकेच्या मुकादमाने रेघोबाला बोलावून सांगितलं, परांची बांधतो, तू वर चढून नव्याने रंगव. नाहीतर छापील पत्रा मागवून ठोकून टाकतो. पाट्या रंगवणाऱ्याला असं काम आयुष्यात एकदा मिळतं. सगळं गाव ज्याच्याकडे दिवसातून दहादा मान वर करून बघणार, असा दुसरा फळा कुठे आहे?

रेघोबाने होकार दिला आणि खाजवत घरी आला.

खाज थांबली पाहिजे म्हणून तो औषधाच्या दुकानात गेला आणि काउंटरवरून एक छोटी पिवळी गोळी घेऊन आला. गोळी खरोखर गुणाची. तासाभरात खाज गेली. खाजेबरोबर रेघोबाही गेला.

त्या दिवशी तो सलूनवाल्याची पाटी रंगवत होता. नशीब की दुकान बुटकं, त्यामुळे शिडी नव्हती, स्टूल होतं. 'केशकर्तनालय' हे अक्षर अक्षर करत शेवटच्या 'य'पर्यंत पोचला, त्याचा उभा दांडा ओढायला घेतला आणि तिथेच त्याचा डोळा लागला. हात झोपला नाही. दांडा पाटीवरून उतरला, भिंतीवर आला, खिडकीच्या कडेने खाली खाली गेला आणि रेघोबा स्टुलावरून अलगद सलूनवाल्याच्या अंगावर आला तेव्हाच थांबला. मी समोरच्या बाकावर होतो. मी सांगतो, झोपेतसुद्धा रेघ सरळ होती.

जाग आल्यावर बिचारा शरमेने लाल झाला. पित्तानेही असेल. "पुसतो आणि नव्याने करतो," म्हणाला.

"हात लावू नकोस," सलूनवाला म्हणाला. "मघापासून कितीजण विचारून गेले, ही शेपटी कसली म्हणून. विचारायला आत आले ते दाढी करून गेले."

ती शेपटी अजून आहे. आमच्याकडे पत्ता सांगताना शेपटीवालं सलून म्हणतात.

आमच्या मंडळीला हे कळलं तेव्हा ती हसली नाही. भावाला समोर बसवून म्हणाली, "आज स्टुलावर झोपलास. मनोऱ्यावर झोपलास तर तिथे खाली कोण सलूनवाला उभा असणार आहे? उद्या त्वचेच्या डॉक्टरकडे जायचं."

"ताई, पण—"

"तुझा 'पण' तिकडे डॉक्टरला सांग."

मला सोबत पाठवलं, कारण हा अर्ध्या रस्त्यातून परत येईल याची तिला खात्री होती. रस्त्यात रेघोबाने माझी बाही धरली. "भाऊजी, एक ऐका. तिथे रंगाचं नाव काढायचं नाही. मी काय करतो विचारलं तर दोऱ्याचं दुकान आहे सांगू."

"दोऱ्याचंच का?"

"दोऱ्याने कुणाला काही होत नाही."

डॉक्टर बाई होत्या, चाळिशीच्या, बोलायला मोकळ्या. दवाखान्याची पाटी छापील होती. रेघोबा तिच्याखाली क्षणभर थांबून चुकचुकला. "अक्षरं एकमेकांच्या मांडीवर बसलीत," एवढंच पुटपुटला. आत गेल्यावर बाईंनी कधीपासून, किती वेळ टिकतं, ओठ किंवा डोळे सुजतात का, सगळं विचारलं. मग म्हणाल्या, "काम काय करता?"

"दुकान आहे. दोऱ्याचं."

"म्हणजे शिवणाचं सामान?"

"हो. दोरा, सुया, बटणं."

"आणि काजं," मी म्हणालो. मला गप्प बसवत नाही हा दोष नाही, स्वभाव आहे.

"काजं विकत मिळतात?" बाईंनी विचारलं.

रेघोबाने माझ्याकडे असं बघितलं की मी भिंतीवरचं कातडीचं चित्र वाचायला लागलो.

बाईंनी त्याला शर्ट काढायला लावला, आरशाकडे पाठ करून उभं केलं आणि लाकडी चपटी काडी घेऊन पाठीवर एक रेघ ओढली. थोडं थांबल्या. रेघ लाल झाली, मग फुगली, मग सुतळी चिकटवल्यासारखी वर आली. "बघा," त्या म्हणाल्या, "किती छान उठली."

रेघोबाने मान वळवून आरशात बघितलं. बघितलं आणि त्याच्या चेहऱ्यावर वेदना उमटली. मला कळलं, आता हा थांबत नाही.

"उठली, पण डावीकडे उतरलीय," तो म्हणाला.

"काय?"

"रेघ. मध्ये पोट आलंय आणि शेवटी उतरलीय. तुम्ही मनगटातून ओढलीत. खांद्यातून ओढायची. आणि ओढताना श्वास सोडायचा नाही."

बाईंनी काडी खाली ठेवली. "दोऱ्याच्या दुकानात हे शिकवतात का?"

रेघोबाने घाईने शर्टाकडे हात नेला. बाई पुढे म्हणाल्या, "तुमच्या नखात निळा रंग आहे, कानामागे पांढरा आहे. मी म्हटलं, दोऱ्याचा रंग जात असेल."

मग मात्र रेघोबाचा बांध फुटला. उस्ताद, खिडकी, घड्याळ, सगळं एका दमात सांगितलं आणि शेवटी हात जोडून म्हणाला, "गोळी द्या, सुई टोचा, दुधी भोपळा जन्मभर खातो. फक्त रंग सोड म्हणू नका."

"मी कुठे म्हणतेय?" बाई म्हणाल्या. "मला सांगा, सुट्टीत ब्रश हातात नसतो तेव्हा पित्त उठत नाही?"

रेघोबा बोटांवर सुट्ट्या मोजायला लागला. मीच म्हणालो, "आमच्याकडे राहायला आला होता तेव्हा ब्रश नव्हता आणि फौज होती."

"उठतं कुठे? हातावरच?"

"पाठीवर. पोटावर. कुठेही."

"रंग बाधला असता तर जिथे लागतो तिथे कातडी चिरली असती, सोलली असती, आणि ते दिवसेंदिवस तिथेच राहिलं असतं. तुमच्या उस्तादांचं तसं झालं असणार. तुमची गांधी दिवसभरात जागा बदलते आणि मागे काही ठेवत नाही. हा वेगळा आजार आहे. रंगाचा यात हात नाही. वांग्याचाही नाही."

"मग कोणाचा?"

"बहुतेकांत कोणाचाच सापडत नाही. शरीर आपलं आपणच चेकाळतं. कातडीत काही पेशी असतात, त्यांच्या पोटात हिस्टामाइन नावाच्या पदार्थाच्या पुरचुंड्या असतात. त्या कारण नसताना फुटतात. मग खाज, सूज, लाली. तुमच्या दोनचार साध्या तपासण्या करू, पण कोणी चोर पकडून देईन असं वचन देत नाही."

रेघोबाचा चेहरा बघण्यासारखा झाला. रंग निर्दोष सुटला याचा आनंद, आणि एवढ्या महिन्यांची वांगी उगाच गेली याचं दुःख, दोन्ही एकदम.

बाईंनी पिवळ्या गोळीचं पाकीट बघून बाजूला सारलं. "ही जुन्या वळणाची अँटिहिस्टामाइन. खाज थांबवते, पण मेंदूत शिरून तिथले दिवे मालवते. शिडीवर चढणाऱ्याने हिच्या वाटेला जायचं नाही. मी नवी देते, ती सहसा झोप आणत नाही. तरी पहिले काही दिवस जमिनीवरच राहा, तुम्हाला पेंग येते का बघा. आणि ही रोज घ्यायची. एकाच वेळी."

"फौज आली की घेतो."

"आली की नाही. रोज."

"अंग साफ असलं तरी?"

"साफ असलं तरी."

रेघोबाला हे पटेना. आग नसताना पाणी कशाला मारायचं, असा त्याचा चेहरा. बाईंनी पेन खाली ठेवलं. "बसने जाता ना? गर्दीच्या बसमध्ये जागा कशी धरतात?"

"खिडकीतून रुमाल टाकतात."

"कधी? लोक बसल्यावर?"

"छे. बस थांबता थांबता."

"तसंच. हिस्टामाइन ज्या जागांवर जाऊन बसतं त्या जागांवर ही गोळी आधी रुमाल टाकते. मग ते आलं तरी त्याला उभं राहावं लागतं. एकदा बसलं की मग रुमाल टाकून उपयोग थोडा. कळलं?"

"कळलं," रेघोबा म्हणाला. त्याला खरंच कळलं, असं मलाही वाटलं.

गोळ्या सुरू झाल्या. पेंग आली नाही. फौज आधी पांगली, मग तुरळक झाली, मग दिसेनाशी झाली. घरात वांग्याची भाजी परत आली. वहिनींनी टोमॅटोही आणले, जरा अपराधी चेहऱ्याने. रेघोबा आरशासमोर उभा राहून पाठ बघायचा आणि शीळ घालायचा.

आणि मग त्याने आपल्या जातीचा शहाणपणा केला. पाट्या रंगवणाऱ्यांची एक रीत असते. एकदा रंग चढला, सुकला, चकाकला की काम संपलं. त्यावर रोज कुणी हात फिरवत नाही. बिघडली तर दुरुस्ती. अंगाची पाटी साफ झाली, तेव्हा काम संपलं असं समजून त्याने गुपचूप गोळ्या थांबवल्या. पाकीट मात्र शर्टच्या खिशात, म्हणजे खाज आली की लगेच टाकता यावी. वहिनी रोज विचारायच्या, "घेतली का?" हा खिशावर हात मारून म्हणायचा, "आहे की." आता यात खोटं एकही अक्षर नाही. माणूस मोठा चतुर.

मुकादमाने मनोऱ्याभोवती बांबूची परांची बांधली. शनिवारी ती उतरवून दुसऱ्या इमारतीला न्यायची होती. सोमवारी सकाळी आम्ही सगळे चौकात जमलो. रेघोबा आला तोच मान खाली घालून. वर केली तेव्हा खालचा ओठ एका बाजूने असा सुजला होता की रुसलेलं पोरच दिसावं. गळ्यापासून मनगटापर्यंत नकाशे.

मुकादम बघतच राहिला. "हा माणूस वर चढवू? उद्या याच्या जागी मला तबकडीवर लटकवतील. छापील पत्रा मागवतो."

"तासभर थांबा," रेघोबा सुजल्या ओठाने म्हणाला आणि ब्रशांच्या पेटीतून ती जुनी पिवळी गोळी काढली. एक शिल्लक ठेवली होती. "ही घेतो, खाज जाते, की चढलोच."

वहिनी पुढे आल्या, त्याच्या तळहातावरून गोळी उचलली आणि टर्पेंटाइनच्या डब्यात टाकली. "आता या डब्याला झोपू दे," म्हणाल्या. मग मुकादमाकडे वळल्या. "भाऊ, घड्याळाचे काटे काढल्याशिवाय रंगवता येणार आहे का?"

"नाही. घड्याळजी बुधवारी येणार आहे."

"मग आज यांना वर पाठवून काय काट्यांना गुदगुल्या करायच्या होत्या? काटे उतरवा, जुना रंग खरवडून घ्या. तोवर यांना मी उभं करते. नाही झाले उभे तर तुमचा पत्रा मी स्वतः ठोकीन."

मुकादमाला वादात जिंकायची सवय होती, पण असल्या हिशेबी बोलण्याची नव्हती. "शुक्रवार सकाळ," तो म्हणाला. "त्याच्या पुढे नाही."

तिथून थेट दवाखाना. बाईंनी आधी बाकी काही विचारलं नाही. जीभ बघितली, आवाज ऐकला, गिळता येतंय का, श्वासाला त्रास आहे का, छाती भरते का. तसलं काही नव्हतं. "नीट ऐका," त्या म्हणाल्या. "कधी जीभ सुजली, श्वास अडकायला लागला, तर माझ्या दारात बसायचं नाही. सरळ मोठ्या इस्पितळात जायचं, त्याच क्षणी." हे सांगताना त्या अजिबात हसत नव्हत्या. मग खुर्चीत मागे टेकल्या. "गोळी रोज चालू आहे?"

रेघोबाने खिशावर हात मारला. "आहे की."

वहिनींनी त्याच्या खिशात हात घालून पाकीट काढलं आणि टेबलावर ठेवलं. जवळजवळ भरलेलं. आत एकेक गोळी आपापल्या घरात ऐटीत बसली होती.

बाईंनी पाकीट बघितलं, रेघोबाकडे बघितलं. "रुमाल खिशात ठेवून जागा मिळते का हो?"

मी इतका हसलो की मला बाहेर बसवण्यात आलं. पुढचं मला वहिनींकडून कळलं. रेघोबा म्हणाला, जास्त ताकदीचं काहीतरी द्या, शुक्रवार गाठायचाय. बाई म्हणाल्या, प्रमाण वाढवता येतं, पण आधी साधी गोळी नियमाने घेऊन तर दाखवा. वाढवायची वेळ आली तर मी वाढवीन, तुम्ही नाही. अंग साफ राहतंय म्हणजे गोळी काम करतेय, आजार संपला असं नाही. आणि वर चढताना कमरेला पट्टा बांधाल, तो घासून त्याखाली रेघ उठेल, म्हणून आत मऊ सुती कापड गुंडाळा. शेवटी विचारलं, गोळीची वेळ कोणती ठरवताय?

"सकाळी नऊ," वहिनींनी ठरवून टाकलं. त्या वेळी त्या समोर उभ्या असतात.

मंगळवार, बुधवार, गुरुवार. सकाळी वहिनी एका हातात पाणी आणि एका हातात गोळी घेऊन उभ्या, आणि घेतल्यावर तोंड उघडून दाखवायला लावायच्या. मंगळवारी ओठ उतरला. बुधवारी नकाशे पुसट झाले. गुरुवारी मांडीवर दोन चुकार गांध्या, बाकी अंग साफ. बुधवारी घड्याळजीने काटे उतरवले. बिनकाट्यांचं घड्याळ बघून लोक जास्तच वेळ वर बघत होते.

शुक्रवारी सकाळी सलूनवाल्याने दुकान बंद ठेवलं. आम्ही बाक ओढून चौकात बसलो. रेघोबा वर चढला, कमरेला पट्टा, आत वहिनींची जुनी ओढणी. जुनी तबकडी खरवडून पांढरी केली होती. तिच्यासमोर तो बराच वेळ नुसता उभा होता. मग हात कमरेकडे गेला. पट्ट्यापाशी. आमची मंडळी शेजारी पुटपुटली, "खाजवू नकोस रे." हात तिथे जरा थांबला आणि परत आला. त्याने ब्रश घेतला, डब्याच्या काठावर निथळला आणि श्वास अडवला.

खांदा हलला.

त्या दिवशी संध्याकाळपर्यंत कडेचा गोल आणि निम्मे आकडे झाले, शनिवारी दुपारपर्यंत उरलेले. घड्याळजीने काटे परत बसवले. परांची उतरायला लागली तसं एकेक आकडा उघडा पडत गेला, आणि मी सांगतो, मास्तरांच्या गोलाशिवाय इतका शहाणा गोल मी दुसरा पाहिला नाही. मुकादमसुद्धा चौकात उभा राहून मान वर करून बघत होता. त्याला पत्र्याचं काही आठवत नव्हतं.

रेघोबा मात्र मनोऱ्याकडे बघतच नव्हता. तो चौकापलीकडच्या खिडकीकडे बघत होता. उस्ताद तिथे होतेच. डोळ्यांवर हाताची छत्री करून त्यांनी एकेक आकडा तपासला, जसं कुणी तांदूळ निवडतं. आम्ही सगळे खाली थांबलो. शेवटी त्यांनी हाक मारली.

"सहाचं पोट जरा सुटलंय."

"हो, उस्ताद."

"बाकी ठीक," म्हणाले आणि त्यांनी खिडकी लावून घेतली. ती खिडकी दिवसाउजेडी बंद झालेली मी पहिल्यांदाच पाहिली. थोड्या वेळाने म्हातारा काठी टेकत चौकात आला, मनोऱ्याखाली उभा राहिला आणि सहाचं पोट जवळून कसं दिसतं ते बघत राहिला. मग आमच्याच बाकावर बसला आणि सलूनवाल्याच्या शेपटीबद्दल विचारलं. ती झोपेत काढली आहे हे कळल्यावर रेघोबाला म्हणाला, "म्हणजे जागेपणी घाबरतोस."

फौज तेवढ्याने संपली नाही. थंडीत परत डोकं काढलं तेव्हा बाईंनी गोळीचं प्रमाण वाढवलं, मग सावकाश कमी केलं. हा आजार बहुतेकांत कधीतरी आपोआप मागे हटतो, त्या म्हणाल्या होत्या, पण कधी ते तोच ठरवतो. रेघोबाच्या बाबतीत त्याने वर्ष दीड वर्ष घेतलं. तोवर मनोऱ्यावर नऊ वाजले की गावातला प्रत्येक माणूस कामाला लागायचा आणि रेघोबा शिडीवर असला तरी खाली उतरून गोळी घ्यायचा. आपल्याच हातचा नऊ बघून.

आता गोळी बंद आहे. बाईंनीच बंद केली, आणि त्या दिवशी त्याने दवाखान्याच्या पाटीवरची अक्षरं एकमेकांच्या मांडीवरून उतरवून नीट रंगवून दिली. पण नऊचे टोले पडले की अजून त्याचा हात खिशाकडे जातो. खिसा रिकामा असतो. मग तो बाही वर करतो, नखाने हातावर एक रेघ ओढतो, आणि उठते का म्हणून वाट बघत उभा राहतो.

उठत नाही.

"जरा चुकल्यासारखं वाटतं," तो मला म्हणाला. "गिऱ्हाइकाला आता कागदावर दाखवावं लागतं."